ओठांतला कागद

“कुठला दिवस बरा पडेल, आई? त्या बेतानं मी तांदूळ भिजत घालते,” असे किनुए म्हणाली आणि मुळ्याच्या लोणच्याची बशी तिने माझ्यापुढे सरकवली. माझ्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच राहिल्या. मी नुकतेच सांगितले होते, की परसातला इनारी, आमचा भाताचा देव, मी आता देवस्थानात परत करणार. माझ्यामागे त्याचे करणारे कोणी दिसत नाही, आणि देवाची हेळसांड होण्यापेक्षा त्याला त्याच्या डोंगरावर पोचवलेले बरे. हे वाक्य मी कित्येक दिवस मनात घोळवले होते. ते कोणत्या जेवणाच्या वेळी, कोणत्या पदार्थानंतर उच्चारायचे, हेही ठरवले होते. त्यानंतर समोरून काय यावे हे मात्र ठरवण्याची मला गरज भासली नव्हती, कारण ते आमच्या शहरात फार पूर्वीच ठरून गेलेले आहे. माझ्या मुलाने, योशिहारूने, भाताच्या वाडग्यातून मान वर काढली, एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे पाहिले आणि म्हणाला, “टॅक्सी सांगून ठेवतो.” मग तो पुन्हा जेवू लागला. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल ब्रेक दाबत गेली. मी लोणच्याची एक फोड उचलली आणि ती चावण्याचा आवाज माझा मलाच फार मोठा वाटला.

क्योतोत एखादी गोष्ट सोडून देत आहोत असे म्हटले, की समोरच्याने तीनदा नको म्हणायचे असते. पहिल्यांदा चेहऱ्याने, दुसऱ्यांदा शब्दांनी, तिसऱ्यांदा हात टेकवून. मग सोडणाऱ्याने नाइलाज झाल्यासारखे दाखवून ती गोष्ट आपल्याकडे ठेवून घ्यायची. यात खोटेपणा नाही. यातूनच माणसाला कळते की आपण अजून हवे आहोत. माझ्या सासूबाईंनी, ओत्से त्यांचे नाव, असेच एकदा कोजीच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे चटईवर ठेवली होती. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या कोजी करते. वाफवलेल्या तांदळावर पांढरी बुरशी चढवायची आणि तिच्यावर गावातले मिसोचे वाटण आणि साकेची दारू करणारे आपापली पिंपे भरणार, असा आमचा धंदा. ती उबदार, लाकडी भिंतींची खोली म्हणजेच घर. किल्ली ठेवून सासूबाई म्हणाल्या, “आता माझ्या नाकाला वास कळत नाही. तू बघ.” मला वास कळत होता आणि किल्लीही हवी होती. तरी मी कपाळ चटईला लावून म्हणाले, “तुमच्याशिवाय बुरशी चढायचीसुद्धा नाही.” त्यांनी किल्ली उचलून कमरपट्ट्यात खोचली ती त्यांचा पट्टा आम्ही शेवटचा सोडला तोवर तिथेच होती. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. घर चालते ते अशा वाट पाहण्यावर.

किनुए निइगाताची. भाताच्या मुलखातली. तिकडे बर्फ इतके पडते की माणसे हिवाळ्यात मोजकेच बोलतात आणि जे बोलतात तेच त्यांच्या मनात असते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शेजारच्या बाई तिला म्हणाल्या, “तुमच्याकडे सकाळी किती उत्साह असतो हो,” तेव्हा ही आनंदाने म्हणाली, “हो ना, मी चारलाच उठते,” आणि भांडी तशीच वाजवत राहिली. शेवटी मला तिला बाजूला घेऊन सांगावे लागले की बाईंची झोपमोड होते आहे. “मग तसं सांगायचं ना त्यांनी,” असे ती म्हणाली होती. मी तिला पुष्कळ शिकवले. तांदळाला हाताच्या उलट्या बाजूने ऊब कशी विचारायची, बुरशी भुकेली झाली की वास आंबट होतो आणि तृप्त झाली की भाजलेल्या चेस्टनटसारखा होतो, चार माणसांत माझ्या मागे किती अंतर ठेवून चालायचे. ती सगळे शिकली. ऐकलेल्या शब्दाच्या मागे जाऊन पाहणे तेवढे तिला जमले नाही, आणि देव परत करण्याचे बोलले तेव्हापासून मी घरात ज्याची वाट पाहत होते ते नेमके त्या शब्दांच्या मागे होते. दिवस जात होते. कोणीतरी म्हणेल की असा अविचार करू नका, असे मला वाटत होते. किनुए देवस्थानाला फोन करीत होती, वेळ ठरवीत होती, माझा कुलचिन्हांचा काळा किमोनो उन्हात टाकीत होती. त्यात ती इतकी तत्पर होती की मला तिचा राग येत होता. मी एकदा तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, “या देवाला या घराची फार सवय झालेली.” ती म्हणाली, “हो ना. किती वर्षं झाली असतील,” आणि किमोनोची बाही उलटी करून पाहू लागली. उच्चारलेला शब्द मी मागे घेत नाही. मी घेतला असता तर या घरात माझ्या कोणत्या शब्दाला वजन राहिले असते?

घोड्याच्या दिवसाला, म्हणजे इनारीच्या मोठ्या जत्रेला, अजून अवकाश होता. जत्रा आली की सगळे शहरच त्या डोंगरावर लोटते. म्हणून आम्ही आधीचा दिवस धरला होता. सकाळी मी परसातल्या लाल देव्हाऱ्यापुढे पाणी, मीठ, भात आणि तळलेला तोफू ठेवला, टाळ्या वाजवल्या आणि आतली पेटी बाहेर घेतली. ती पेटी कोणी उघडत नाही. सासऱ्यांच्या आजीने, तोमेने, ती देवस्थानातून आणली. तिचेच नाव मागच्या बाजूला आहे. ओत्सेंनी ते बदलले नाही, मीही बदलले नाही. आमचा देव बदललेला नाही, हे मी पाहुण्यांना सांगत असे. पेटी जांभळ्या रेशमी रुमालात बांधली आणि घडी केलेला पांढरा कागद ओठांत धरला. देव अंगावर असताना माणसाचा श्वास त्याच्यावर पडू नये म्हणून हा कागद. जी धरते तिने उंबरठ्यापासून देवस्थानापर्यंत बोलायचे नाही, चालताना पेटी छातीच्या खाली येऊ द्यायची नाही. कोजीच्या खोलीचे छप्पर बदलले तेव्हा ओत्सेंनी अशीच पेटी उचलून आतल्या घरात नेली होती आणि मी त्यांच्या मागे होते. त्यांच्या टाचा मला आठवतात. पांढऱ्या मोज्यांवर एकही सुरकुती नव्हती.

टॅक्सीवाला पन्नाशीचा, बोलका होता. आरशातून माझ्याकडे पाहत त्याने विचारले, “आजींचा दात दुखतोय का?”

“नाही, मांडीवर देव आहे त्यांच्या,” किनुए म्हणाली.

“अरे बाप रे. मग आधी सांगायचं ना, मी हळू घेतो. इनारी?”

“हो. परत करायला चाललोय.”

“दुकान बंद केलंत?”

“छे. दुकान जोरात आहे. कालच एका बेकरीनं मागणी नोंदवली, पावाला कोजी लावतात म्हणे आता.”

“मग परत कशाला? आमच्या गल्लीत एका खेळणीवाल्यानं देव परत केला नाही, नुसता कपाटात टाकून दिला. त्याची मांजरं सगळी पळून गेली.” तो थोडा थांबला. “बायको पण. पण ती आधीच जाणार होती.”

किनुए हसली. हसताना तिने माझ्या गुडघ्यावरचा पांघरायचा कपडा नीट केला. “आमच्याकडे निइगाताला देव हिवाळ्यात डोंगरावर जातो,” ती म्हणाली. “वसंतात शेतात उतरतो. माझे वडील बांधावर उभे राहून त्याला हाक मारायचे, जेवायला बोलावल्यासारखी. गेला म्हणजे गेला, असं कुणी धरत नाही तिकडे.”

“तुमच्या सासूबाई फार शांत हो. नशीब काढलंत.”

“आजच्या दिवसापुरतं,” किनुए म्हणाली.

दोघेही हसले. मी बाहेर पाहिले. कामो नदीवर बारीक बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. ती पाण्यापर्यंत पोचत होती की मधेच विरत होती, ते कळत नव्हते. या बाईने माझ्यासमोर, माझ्यासाठी बोलावलेल्या गाडीत, परक्या पुरुषापाशी माझी थट्टा केली, आणि मी उत्तर देऊ शकत नव्हते. कागद ओला होऊन ओठांना चिकटला होता. मला जाणवले, की या घरात आल्यापासून मी इतका वेळ गप्प कधी राहिलेच नव्हते. गप्प राहिल्यावर माणसाला स्वतःचे फार ऐकू येते. माझ्या आत कोणीतरी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते: आता म्हण. पुलावर म्हण, सिग्नलला म्हण, अजून गाडी वळवता येईल. किनुए मात्र चालकाला आमच्या मिसोच्या सूपात आलं कधी घालायचे ते समजावून सांगत होती. तिचा आवाज स्वच्छ होता. त्यात काही लपवलेले आहे का, हे मी शोधत राहिले. आयुष्यभर माणसांच्या बोलण्यात मी तेच शोधत आले, आणि मला पुष्कळदा सापडलेही. मांडीवरची पेटी हलकी होती. लहान मूल झोपेत जड होते तशी ती पुढे जड होऊ लागली. पहिल्यांदा नवरी म्हणून मला तिच्यापुढे बसवले तेव्हा ओत्से म्हणाल्या होत्या, “हा भाताचा देव आहे. याला खायला घालायचं आणि मागायचं काही नाही.” मी मागितले नव्हते. कोजी बिघडली त्या वर्षीही नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. न मागता राहण्याचा मला अभिमान होता, आणि आता त्याच अभिमानाने मला गाडीत बसवून इथवर आणले होते.

देवस्थानाच्या पायथ्याशी उतरलो तेव्हा परदेशी माणसांची झुंबड लाल कमानींच्या खाली उभी राहून छायाचित्रे काढीत होती. एका मुलीने माझ्या तोंडातल्या कागदाकडे पाहून मैत्रिणीला कोपराने ढोसले. मी चालत राहिले. मोठ्या दरवाज्याशी भाताची लोंबी तोंडात धरलेला इनारीचा दगडी कोल्हा बसलेला आहे. लहानपणी मला वाटे की तोही बोलू नये म्हणूनच ती धरून आहे. पायऱ्यांच्या मध्यावर माझे हात भरून आले. आधी कोपर, मग मनगट. पेटी एक बोट खाली आली. मी ती वर उचलली. ती पुन्हा खाली आली.

“द्या, आई,” किनुए म्हणाली.

मी मान किंचित वळवली. हे पहिले नको. यानंतर दुसऱ्यांदा मागायचे असते. तिने दुसऱ्यांदा मागितले नाही. तिने हात पुढे केले आणि तसेच ठेवले; माघारी घेतले नाहीत, आणखी पुढेही आणले नाहीत. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी चढत होते, उतरत होते. तिच्या तळव्यांची कातडी तांदळाच्या वाफेने गुळगुळीत झालेली होती, माझी होती तशीच. ती काही बोलत नव्हती आणि मला तिच्या गप्पपणाचा अर्थ लावता येत नव्हता, कारण त्याला दुसरा अर्थच नव्हता. मी पेटी तिच्या हातांवर ठेवली. ओठांतला कागद काढला. बाहीतून नवी घडी काढली आणि तिच्या तोंडाशी धरली. तिने ओठ उघडले. इतक्या वर्षांत मी तिच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. थंडीने तिचे ओठ फाटले होते.

आता बोलण्याची मुभा मला होती आणि उत्तर देण्याची तिला नव्हती. यापेक्षा सोयीची वेळ कोणत्या माणसाला मिळते? मी म्हणू शकत होते, की चल, घरी जाऊ. ती वळली असती. मी सांगितले आणि तिने केले नाही, असे कधी झाले नव्हते. “इथून आपलं घर तसं फार लांब नाही,” मी म्हणाले. किनुएने मान डोलावली. फार लांब नव्हतेच. “पेटीचं लाकूड अजून चांगलं आहे,” मी म्हणाले. तिने पुन्हा मान डोलावली, आणि तिचे डोळे मऊ झाले; मला बरे वाटावे म्हणून ती मान डोलावत आहे, हे मला समजले. त्याहून अपमानाची गोष्ट मला त्या दिवशी दुसरी वाटली नाही. मी पुढचे काही बोलले नाही. आम्ही कचेरीपर्यंत गेलो, मी पुढे आणि ती मागे, आणि माझे रिकामे हात छातीपाशी तसेच वाकलेले राहिले होते, जणू पेटी अजून तिथे होती.

पुजारी तरुण होता. निळी झुळझुळीत विजार, हातांना साबणाचा वास. त्याने पेटीच्या मागचे नाव आमच्या आडनावासकट वाचले, “त्सुबोई तोमे,” आणि आमच्याकडे पाहिले, जणू आमच्यापैकी एखादी तोमे असेल.

“त्या माझ्या सासऱ्यांच्या आजी,” मी म्हणाले. “मी शिगेनो. ही माझी सून.”

“फार जुनी आहे. नीट सांभाळलीत.” त्याने पांढऱ्या लाकडाचे तबक पुढे सरकवले. “इथे ठेवावी.”

किनुए हलली नाही. तिने कागदावरून माझ्याकडे पाहिले. ती माझ्या शब्दाची वाट पाहत होती. ज्या बाईने मला दोनदा विचारले नाही ती, शेवटच्या क्षणी, मी तिला शिकवले होते तशी, सांगितल्याखेरीज काही करीत नव्हती. पुजारी आदबीने खाली पाहत राहिला. शेजारच्या खिडकीवर कोणी ताईत मागत होते. मला ते वाक्य अगदी स्पष्ट दिसले. तीन शब्दांचे होते. ते उच्चारले असते तर पुजाऱ्याने हसून तबक मागे घेतले असते, असल्या म्हाताऱ्या त्याने पुष्कळ पाहिल्या असतील. तोच विचार माझ्या आड आला. असल्या म्हाताऱ्या.

“ठेव,” मी म्हणाले.

तिने पेटी ठेवली. लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला, फार हलका. पुजाऱ्याने तबक कपाळापर्यंत उचलले आणि पडद्यामागे नेले. मी तिकडे पाहिले नाही. मी समोरच्या खिडकीच्या चौकटीकडे पाहिले. तिच्या कोपऱ्यात एक मेलेला किडा होता. घरी परतल्यावर परसातला देव्हारा रिकामा असेल, उद्या सकाळी मी पाण्याची वाटी घेऊन उठेन आणि मग थांबेन, असे मला एखादी बातमी ऐकावी तसे आत ऐकू आले. पुजारी परत आला तेव्हा किनुएने ओठांतला कागद काढून घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

“आता माझ्या नावाचा देव मागायचा आहे,” ती म्हणाली.

“हो, फोनवर बोलणं झालं होतं. नाव कसं लिहायचं तेवढं सांगा.”

“कुणाच्या नावाचा?” मी विचारले. माझा आवाज वाजवीपेक्षा चढला असावा, कारण ताईत घेणाऱ्या बाईने वळून पाहिले.

“माझ्या,” किनुए म्हणाली. “तुमच्यामागे त्याचं करणारं कुणी दिसत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना. नाव लागलं म्हणजे दिसेल.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्हालाही हेच म्हणायचंय, असं वाटलं मला. तुमचा तुम्ही पोचवायचा, माझा मी आणायचा.” ती थांबली. “नव्हतं का तसं?”

तिच्या चेहऱ्यावर खरोखरच प्रश्न होता. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच माझ्या शब्दामागे काही असेल अशी शंका आली होती, आणि ती नेमकी चुकीच्या दिवशी. तिने ऐकले होते तेवढे मी बोललेच होते. जे मी बोलले नव्हते ते मी आताही सांगणार नव्हते. “तसंच,” मी म्हणाले. मग हात बाहीत घातले आणि तिला बजावले, “रोज पहाटे पाणी. आणि तोफू तळलेला, साकाईच्या दुकानातला. वेष्टनातला कारखान्याचा चालायचा नाही.”

“बघू,” किनुए म्हणाली.

हा शब्द तिने मला कधी म्हटला नव्हता. त्यात उर्मटपणा मुळीच नव्हता. वाफेवरचा तांदूळ झाला का, असे विचारल्यावर मी जसे म्हणत असे तसा तो होता. आपले काम आपण पाहणाऱ्या माणसाचा. पुजाऱ्याने कुंचला शाईत बुडवला. तिने नाव सांगितले, त्सुबोई किनुए, रेशमाच्या अक्षरातला किनु, आणि मला आठवले की या देवापुढे माझे नाव कोणी कधी लिहिले नाही. मी कधी लिहा म्हटले नव्हते. ओत्सेंनी म्हटले नव्हते. आम्ही दोघींनी तोमेच्या देवाचे केले, आणि तोमेने कदाचित, कोणाला ठाऊक, फक्त आपल्यापुरता आणला असेल.

आम्हाला आतल्या सभामंडपात बोलावले. लाकडी जमीन पायमोज्यांतून बर्फासारखी लागत होती. मी सवयीने पुढच्या आसनाकडे गेले. पुजाऱ्याने हलकेच हात आडवा केला. “ज्यांच्या नावाने आहे त्या पुढे. सोबतच्या मंडळींनी मागे बसावं.” किनुएने माझ्याकडे पाहिले. या वेळी ती आज्ञेची वाट पाहत नव्हती. माझे गुडघे वाकतील का एवढेच पाहत होती. मी मागे बसले. ती माझ्यासमोर येऊन बसली, आणि मला तिची पाठ दिसली. ती नेहमी माझ्या मागून चालत आली होती; तिची पाठ पाहण्याचा मला कधी प्रसंगच आला नव्हता. खांदे माझ्या समजुतीपेक्षा रुंद होते. डावा किंचित खाली होता, ओल्या तांदळाची टोपली त्या बाजूला घेतली की तो तसा होतो. मानेवरचे केस पांढरे झाले होते. ते कधी झाले ते मला माहीत नव्हते. पुजाऱ्याने स्तोत्रात तिचे नाव घेतले, गावाचे नाव घेतले, भात पिकू दे, घर भरू दे असे म्हटले, आणि लाल घागऱ्यातली सेविका आशीर्वादाचा घुंगरांचा झुबका घेऊन आमच्यापुढे आली. किनुएने डोके झुकवले. मी अजून तिच्या मानेकडेच पाहत होते. माझे डोके झुकायला क्षणभर उशीर झाला. घुंगरांचा आवाज आधी तिच्यावरून गेला आणि त्यातला उरलेला माझ्यावर आला.